आंब्याखालचा डोह

माझ्या माहेरच्या घरी, मागच्या दारी, न्हाणीघराच्या कोपऱ्यातून एक चार इंची पाइप निघतो. गडग्याखालून बाहेर पडतो आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर करवंदीच्या जाळीत उघडा होतो. पावसाळ्यात जाळी इतकी माजते की तो दिसतच नाही. मे महिन्यात करवंदं काढायला हात घातला की दिसतो. तोंडाखालचे दगड काळे, बुळबुळीत. भोवतीचं अळू मात्र हातभर पानांचं, तजेलदार. काकी त्याचं फदफदं करायची आणि कौतुकाने म्हणायची, "ह्या अळवाला कधी खत घालावं लागलं नाही हो."

त्या पाइपातून आमच्या सेप्टिक टँकचं पाणी पऱ्यात जात होतं. बावीस वर्षं. आणि त्यातली सतरा वर्षं मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. लोकांच्या विहिरी, लोकांच्या टाक्या, लोकांचे नळ. ह्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटते म्हणूनच हे लिहायला बसले.

पऱ्या दोन-अडीचशे पावलं खाली जाऊन नदीला मिळतो. गावात तिला कुणी नावाने हाक मारत नाही, नुसतं 'नदी' म्हणतात. पुढे ती शास्त्रीला मिळते आणि शास्त्री जयगडला समुद्राला. पऱ्या मिळतो त्याच्या जरा खाली नदी वळते, काठावरचा रायवळ आंबा पाण्यावर वाकलेला आहे, आणि त्याच्या सावलीत डोह आहे. आंब्याखालचा डोह. आम्ही सगळी भावंडं तिथे पोहायला शिकलो. पोटाशी पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा आणि थोरल्या चुलतभावाने हनुवटीखाली हात धरायचा. एक दिवस तो न सांगता हात काढून घ्यायचा, आणि आपण तरंगतोय हे कळेपर्यंत पलीकडचा खडक हाताला लागलेला असायचा. पाणी तोंडात जायचंच. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तहान लागली तर वरच्या अंगाला चार पावलं जाऊन ओंजळीने प्यायचो.

मे महिन्यात चाकरमानी आले की डोह भरून जायचा. आजही जातो. पोरांना समुद्रावर न्यायला मोठं माणूस लागतं, नदीवर ती आपली आपण जातात. कोकणात पर्यटन म्हटलं की तारकर्ली, गणपतीपुळे, कोलाडचं राफ्टिंग असंच डोळ्यांसमोर येतं. पण गावोगावच्या ह्या डोहांत जितकी माणसं डुंबतात त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही, आणि त्या पाण्याचीही नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला भाच्याचे डोळे पिवळे झाले. आधी दोन दिवस ताप, मग अन्नावरची वासनाच गेली. डॉक्टरांनी विचारलं, "सुट्टीत नदीत पोहलास का?" वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी तेव्हा काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्याला कावीळ डोहातूनच झाली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हेपॅटायटिस ए पोटात गेल्यापासून दिसायला साधारण महिना लागतो, आणि सुट्टीच्या महिन्यात पोरगं लग्नात, जत्रेत, एसटी स्टँडवर कुठेकुठे पाणी प्यायलं असेल. पोरगं बरं झालं. पण वहिनीचं ते बघणं काही मनातून गेलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मी रजेवर जाताना प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या नेल्या. काचेच्या, बुचावर तपकिरी कागद आणि वर दोरा गुंडाळलेल्या. नमुना घेण्याची रीत असते. पाण्यात उभं राहायचं, गाळ खाली बसू द्यायचा. कागद सोडायचा, बुचाला आतून बोट लागू द्यायचं नाही. बाटली उपडी धरून वीतभर खाली न्यायची आणि मग येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून वळवायची. काठोकाठ भरायची नाही, वर थोडी हवा ठेवायची. बर्फाच्या डब्यात ठेवून होता होईल तो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत. हे मी शेकडो जणांना शिकवलंय. त्या दिवशी आंब्याखाली गुडघाभर पाण्यात उभी राहिले तेव्हा मात्र हात थरथरत होता. पोरं काठावर उभी राहून विचारत होती, "आत्या, झालं का? आम्ही उडी मारू?"

तीन ठिकाणचे नमुने घेतले: वाडीच्या वर, पऱ्या मिळतो तिथे, आणि डोहात. परीक्षानळ्यांत जांभळं द्रावण असतं आणि त्यात एक चिमुकली नळी उलटी टाकलेली. मोजमाप करून पाणी घालायचं आणि ३७ अंशांवर ठेवून द्यायचं. कोलिफॉर्म नावाचे जंतू असतील तर ते द्रावणातली, दुधात असते ती साखर आंबवतात, जांभळ्याचं पिवळं होतं आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. पंधरा नळ्यांपैकी किती पिवळ्या झाल्या ते मोजून तक्त्यात आकडा बघायचा. वाडीच्या वरच्या पाण्याच्या थोड्याच झाल्या. डोहाच्या पंधराच्या पंधरा. तिथे तक्ता संपतो. मग तेच जंतू ४४.५ अंशांवर ठेवून बघतात, कारण माती-पाल्यातले बरेचसे त्या उष्णतेत टिकत नाहीत आणि माणसाच्या, जनावराच्या आतड्यातले टिकतात. डोहाच्या नळ्यांत पुन्हा बुडबुडे आले.

इथे थोडं गणित सांगते, कारण ते कळल्यावरच माझे डोळे उघडले. आंघोळीच्या नदीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातले कोलिफॉर्म ५०० च्या आत असावेत, फार तर २५००. कच्च्या मैलापाण्यात त्याच १०० मिलिलिटरला ते दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत असतात. कोटी धरले तर एक लिटर मैलापाणी ५०० वर आणायला २०,००० लिटर स्वच्छ पाणी लागेल. सेप्टिक टँकमधून बाहेर येणाऱ्या पाण्यातही जंतू फारसे कमी झालेले नसतात. टाकीत गाळ खाली बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते दिसायला निवळ असतं, म्हणून तर आपण फसतो.

आषाढात नदी हे वीस हजार लिटर सहज आणते. कोकणात चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर, सगळं धुऊन जातं. पण आषाढात डोहात कोण उतरतं? आपण उतरतो एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा नदी म्हणजे दगडांमधून झिरपणारी एक करंगळी उरलेली असते. त्याच महिन्यात वाडीतली बंद घरं उघडतात, सहा माणसांच्या टाकीवर वीस माणसं होतात. नदी सगळ्यांत अशक्त असते तेव्हाच आपण तिच्यावर सगळ्यांत जास्त घाण घालतो, आणि तेव्हाच पोरांना तिच्यात सोडतो. वाशिष्ठीला उन्हाळ्यातही कोयनेचं अवजल, म्हणजे वीज केल्यावर सुटणारं पाणी, मिळतं, कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघराचं; ते सुटतं म्हणून तर कोलाडला राफ्टिंग चालतं. बाकीच्या नद्यांना घाटावरून कुणी पाणी पाठवत नाही. त्यांत आम्ही दिवाळीनंतर पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा घालतो. तो हवाच, त्यावर विहिरी टिकतात. पण बंधारा पाण्याबरोबर पाइपातून आलेलंही अडवतो, आणि आमचा डोह नेमका बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे.

कोकणात नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोट कारखान्यांकडे जातं. लोटे, महाड, रोहा. ते बोट चुकीचं नाही. मेलेले मासे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेत. पण आमच्या नदीवर वरपासून खालपर्यंत एकही कारखाना नाही. तिच्यात आहे ते सगळं आमचं आहे. आणि ती कुठल्या यादीतही येणार नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. ती यादी ठरते बीओडीवर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो त्यावर. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला तर पट्टा प्रदूषित. मैलापाण्याचा बीओडी अडीचशेच्या आसपास असतो, तो तीनवर यायला ऐंशी-नव्वद पट पाणी पुरतं. जंतूंना वीस हजार पट लागतं. ह्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आमच्यासारखे कितीतरी डोह आहेत. कागदावर नदी ठीक असते आणि पोराच्या तोंडात गेलेली ओंजळ ठीक नसते.

पाइप आला कसा, तेही सांगायला हवं. आजीच्या वेळी न्हाणीचं पाणी दगडी पन्हळीतून केळींना जायचं, तिथून पोफळींना. भांडी घासलेलं पाणी अळवाला. पाणी विहिरीवरून कळशीने आणायचं, त्यामुळे एक तांब्याही वाया घालवायची कुणाची छाती नव्हती. मग पंप आला, नळ आला. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे माप धरलंय आणि ते पाणी मिळायलाच हवं. माझ्या आईने कळशा वाहून कंबर मोडून घेतली, तिच्यासमोर मी नळाविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण घरात आलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के वापरून पुन्हा बाहेर येतं, ते जाणार कुठे हे नळाबरोबर कुणी विचारलं नाही. केळी काढल्या, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, न्हाणीघराचं बाथरूम झालं, मग दुसरं झालं. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. घरोघरी संडास झाले ही मोठीच गोष्ट आहे, विशेषतः बायकांसाठी. भांड्याखाली काय आहे आणि तिथून पुढे काय, ह्याची पाटी मात्र कोरीच राहिली.

जुन्या दिवसांचे गोडवे गायला मला नको वाटतं. पूर्वी नदीवर शिस्त होती म्हणतात: वरच्या पाणवठ्याला पिण्याचं पाणी, खाली धुणं, त्याच्या खाली गुरं. खरं आहे. पण वर कुणी भरायचं आणि खालचं कुणाच्या वाट्याला यायचं हे जातीने ठरलेलं होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते ह्याच कोकणात. खालच्या वाडीला वरच्यांचं वापरलेलं पाणी, ही आमच्या नद्यांची जुनी सवय आहे, आणि पाइपाने ती नव्याने चालू ठेवली. आमच्या डोहाच्या खाली अजून दोन वाड्या आहेत. त्याही खाली, जिथे भरतीचं पाणी फुणगूसच्या बाजूने वर येतं, तिथे बायका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचतात. तिथे तर घाण सरळ समुद्राला जातही नाही. ओहोटीला जरा खाली सरकते आणि सहा तासांनी भरती तिला परत वर आणते. तिसरी पाणी गाळून जगते, पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात साठतं. त्या बायकांनी कुणाच्या दारात जाऊन विचारायचं?

आमची टाकी बांधल्यापासून एकदाही उपसली नव्हती. दोन-तीन वर्षांनी उपसावी असं मानकच आहे. गाळ साठत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आत आलेलं तसंच बाहेर पडतं. दादाने तालुक्याहून सक्शनची गाडी बोलावली. गाडी पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वर थांबली, पाइप जोडून जोडून कसाबसा पोचला. मोटर सुरू करण्याआधी मी चालकाला विचारलं, "हे नेऊन टाकणार कुठे?" तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, सड्यावर. दुसरी जागा कोण देतंय?"

सडा म्हणजे जांभ्याचं पठार, आणि जांभा म्हणजे दगडाची जाळी. वर ओतलेलं पाणी भोकाभोकांतून उतरतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतं. आमच्या खालच्या वाडीची विहीर अशाच झऱ्यावर आहे. त्या माणसावर मी रागावले नाही. तो दिवसभर जे करतो ते आपण कुणीही करणार नाही, आणि त्याला जागा देणं हे त्याचं काम नाही. गाडी तशीच परत गेली, दादाने तिचं भाडं दिलं. रात्री जेवताना कुणी बोललं नाही.

घाटावर वाई आणि सिन्नरला नगरपालिकांनी ह्यातून वाट काढली आहे. तिथे टाकी भरून वाहायला लागेपर्यंत थांबत नाहीत; पाळीपाळीने दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसतात, पैसे करातून, आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. प्रचंड खर्चाची भुयारी गटारं न खोदता झालेलं काम आहे हे. कोकणातल्या विखुरलेल्या, उताराच्या वाड्यांना भुयारी गटार कधीच परवडणार नाही, आणि चढउतारामुळे ते धड चालणारही नाही. आपल्याला हवं ते हेच: तालुक्याला गाळाची एक धड जागा, पाखाडीपर्यंत पोचेल अशी लहान गाडी, आणि उपशाची ठरलेली पाळी. मी हे ग्रामसभेत दोनदा मांडलंय. दुसऱ्या वेळी चौघीजणी माझ्या बाजूने बोलल्या, त्यातल्या तिघी गावात पाणी तपासायचं किट वापरायला शिकलेल्या. त्यांनी डोहाचं पाणी परीक्षणाच्या छोट्या बाटलीत ठेवलं होतं, ती एका दिवसात काळी पडली, मैल्याची तीच खूण. ती काळी बाटली सभेत हातोहात फिरली. माझ्या साऱ्या आकड्यांनी झालं नव्हतं ते काम तिने केलं.

पॅरिसच्या सीन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती, ती २०२५ च्या जुलैत उठली. सगळ्यांनी वाचलं ते तिथे पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली बांधलेल्या अवाढव्य टाकीबद्दल. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: नदीच्या वरच्या अंगाच्या हजारो घरांचे मैल्याचे पाइप चुकून पावसाच्या गटारांना जोडलेले होते, ते घरोघरी जाऊन शोधून बदलावे लागले. तिथेही काम शेवटी करवंदीच्या जाळीत हात घालण्याचंच होतं.

आमच्या घरी आम्ही आधी न्हाणीचं आणि स्वयंपाकाचं पाणी टाकीपासून तोडलं आणि पुन्हा केळींकडे नेलं. त्यानेच टाकीवरचा भार निम्म्याहून कमी झाला. मग टाकीच्या पुढे, विहिरीपासून चांगलं लांब, कारण शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर हवा आणि जांभ्यात तर त्याहून जास्त, एक लांबट खड्डा काढला. तळाला गळती नको म्हणून प्लास्टिकचा जाड कागद, वर खडी, खडीत कर्दळ. पाणी खडीच्या आतून मुळांमधून सरकतं, वर दिसत नाही, वास येत नाही. ह्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत. म्हणून तिथून पुढचं पाणी पऱ्यात न सोडता चार माडांच्या आळ्यांत जिरवलं. पऱ्याकडचा पाइप दादाने स्वतः कापला आणि सिमेंट भरून बंद केला. गाळाचा प्रश्न अजून तसाच आहे, टाकी अजून उपसलेली नाही. जिल्ह्यात कुठे धड सोय आहे का, ह्याचे फोन मी अजून करतेच आहे.

पऱ्यावर आमच्यासारखे सात पाइप होते. मी आणि भाचा चैत्रात काठाकाठाने चालत जाऊन मोजले. ह्या मे महिन्यात पोरांना आम्ही आंब्याखाली पोहू दिलं नाही. वाडीच्या वर, अर्ध्या तासाच्या चालीवर, दुसरा डोह आहे. तिथे सावली नाही आणि उडी मारायला खडक नाही म्हणून सगळी रुसली होती. भाचा पांगाऱ्याचा ओंडका खांद्यावर घेऊन पुढे चालत होता, कारण धाकट्या बहिणीला शिकवायचं काम आता त्याच्याकडे आलंय.

परवा संध्याकाळी काकी मागच्या दारी आली. बराच वेळ कर्दळीकडे बघत उभी राहिली. लाल फुलं आली आहेत. मग म्हणाली, "आमच्याकडे पण केलं तर किती मोठा काढावा लागेल खड्डा?" वहिनीने विळ्याने चार गड्डे काढून ओल्या गोणपाटात बांधून दिले. गडग्यापर्यंत जाऊन काकी परत वळली आणि तिथूनच ओरडून विचारलं, "किती अंतरावर लावू गो?"

"दीड वीत," वहिनी म्हणाली.